बाईंच्या शुद्धिपत्रातलं पीच कॉब्लर

निवृत्त झाल्यावरही गद्रे बाईंनी डोंबिवलीत एकाही विद्यार्थ्याला सुखानं फिरू दिलं नाही. भाजीच्या गाडीशी, बँकेच्या रांगेत, रिक्षा स्टँडवर, कुठेही त्या एखाद्या टक्कल पडू लागलेल्या गृहस्थाला हटकायच्या. "तू सातवी ब ना रे? थांब जरा." तो बिचारा पिशवी खाली ठेवून वाकायला जायचा, तर बाई त्याला मध्येच सरळ करायच्या. "ते राहू दे. शहामृग वाळूत डोकं खुपसतो असं मी तुम्हाला सांगितलं होतं. खुपसत नाही. चुकलं माझं. दुरुस्त करून घे." तो "हो बाई" म्हणेपर्यंत त्या हलायच्या नाहीत.

यासाठी त्यांच्याकडे एक लांबट वही होती. वर झोकदार अक्षरात लिहिलेलं : शुद्धिपत्र. "पुस्तकांच्या शेवटी असतं, मग मास्तरणीला का नको?" असं त्या विचारायच्या. इंग्रजी आणि भूगोल शिकवताना आपण वर्गात जे जे चुकीचं सांगितलं, ते कळेल तसं त्या त्यात लिहून ठेवत. प्लूटो त्यात होता. खरं तर त्यात बाईंचा काय दोष? पण त्यांनी तोही स्वतःच्या अंगावर घेतला होता.

शाळेत त्यांचा एक नियम होता. वहीत खोडरबर चालायचं नाही, ब्लेड तर नाहीच नाही. "एक रेघ मारा आणि शेजारी बरोबर लिहा," हे वाक्य आम्ही वर्षभरात हजारदा ऐकलं असेल. चूक दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पुसलेल्या चुकीतून माणूस काही शिकत नाही, नुसता कागद फाटतो.

लग्नानंतर काही वर्षांनी मी डोंबिवलीजवळ कोपरला राहायला आले आणि खालच्या मजल्यावर 'गद्रे' ही पाटी पाहून जिन्यातच ताठ उभी राहिले. पण बाई आता एकट्या होत्या, मी दोन पोरांची आई होते, आणि महिनाभरात माझा डबा त्यांच्याकडे अन् त्यांची आमटी माझ्याकडे असं सुरू झालं. तरी त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसायला मला दोन वर्षं लागली.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका सकाळी सातला बेल वाजली. एकदा नाही, सलग चार वेळा. दारात बाई, केस अर्धे विंचरलेले, हातात मोबाइल.

"स्मिता, तो साखरांबा नव्हे गं!"

"कोण साखरांबा, बाई?"

"पीच कॉब्लर! हे बघ, ही बाई करतेय. भाजतायत त्याला, भट्टीत! आणि मी तीस वर्षं पोरांना साखरांबा सांगत आले!"

मग मला आठवलं. सातवीच्या इंग्रजीत एका मुलाचा धडा होता. तो सुट्टीत आजीच्या शेतावर जातो आणि आजी त्याच्यासाठी पीच कॉब्लर करते. आमच्यापैकी कोणी पीच पाहिलेला नव्हता. बाईंनीही नव्हता. शब्दकोशात पाहिलं तर चांभाराच्या पुढे त्यांना काही सापडलं नाही. तेव्हा त्यांनी विचार केला, आजी आहे, फळ आहे, साखर आहे, सुट्टी आहे, म्हणजे साखरांबाच असणार. फळ्यावर तसं लिहिलं आणि आम्ही वहीत उतरवलं. कोकणात आजोळ असलेल्या बाईंना दुसरं काय सुचणार!

मी हसायला लागले. बाई हसल्या नाहीत. त्या माझ्या सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तांडेल आठवतो?"

माझं हसू थांबलं. महेश तांडेल. सहामाहीच्या पेपरात 'मराठीत अर्थ लिहा' असा प्रश्न होता, एका गुणाचा. महेशनं पीच कॉब्लरचा अर्थ लिहिला होता, 'खाली शिजवलेली फळे आणि त्यावर भाजलेल्या पिठाचे पांघरूण.' पेपर वाटताना बाईंनी तो वर्गात मोठ्यानं वाचला. "पांघरूण? फळांना थंडी वाजते का रे तांडेल?" वर्ग फुटला. "कोणी सांगितलं तुला हे?" तो उभा राहून म्हणाला, "बाबांनी, बाई. ते बोटीवर करतात." त्यावर तर आम्ही बाकं बडवली. मी पहिल्या बाकावर होते. माझा आवाज त्याला नक्की ऐकू गेला असणार.

"त्याचे वडील जहाजावर कूक होते," बाई म्हणाल्या. "ते मला नंतर कळलं. पण तेव्हाही मी शब्दकोश पुन्हा उघडला नाही. त्या दिवसानंतर तो पोरगा माझ्या तासाला कधी हात वर करत नव्हता गं. माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, मस्ती कमी झाली, बरंच झालं."

शहामृगासाठी रस्त्यात माणसं अडवणाऱ्या बाईंना ही चूक अशी तोंडी दुरुस्त होणारी वाटेना. "त्याला शोध," त्यांनी फर्मान काढलं. "आणि तुझ्याकडे ओव्हन आहे ना?"

ओव्हन होता. त्यात आम्ही कढया ठेवत होतो.

महेशचा नंबर शाळेच्या ग्रुपवर अर्ध्या तासात मिळाला. तो ठाण्याला बाळकुमला राहत होता आणि कोलशेतच्या एका कंपनीत मेन्टेनन्स बघत होता. फोन बाईंनी स्वतः केला. "तांडेल, गद्रे बाई बोलतेय. रविवारी सकाळी अकराला कोपरला ये. तुझ्या सातवीच्या पेपरबद्दल बोलायचंय." आणि पत्ता सांगून फोन ठेवून दिला. मी कपाळावर हात मारला.

मग जो आठवडा गेला, तसा माझ्या घरात दिवाळीतही गेला नव्हता. स्टेशनजवळच्या फळवाल्याकडे बाई प्रत्येक पीच दाबून, हुंगून पाहत होत्या. शेवटी तो कळवळला, "मावशी, दाबू नका ना! हिमाचलचा माल आहे, बटाटे नाहीत ते." कृती अगदीच सोपी होती. भांड्यात लोणी वितळवायचं. मैदा, साखर, बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि दूध यांचं सरसरीत पीठ त्यावर ओतायचं. पीचच्या फोडी साखर, लिंबू आणि दालचिनी घालून जरा शिजवायच्या आणि त्या पिठावर सोडायच्या. मग ओव्हनमध्ये पाऊण तास. फक्त एक अट होती. ढवळायचं नाही.

आणि नेमकं तेच आम्हाला जमेना! गुरुवारी मी पाठ फिरवली आणि बाईंनी पळीनं एक फेरी मारलीच. "नुसतं कसं सोडायचं गं? खाली लागेल ना!" निघाला तो गोड, चिकट, तपकिरी गोळा. बाईंनी चमच्यानं टोचून पाहिला. "हा शिरा झाला. शिऱ्याला मार्क नाहीत." माझ्या मुलांनी मात्र तो दोन मिनिटांत फस्त केला.

रविवारी सकाळी नऊलाच बाई वर आल्या, इस्त्रीची साडी नेसून. पळी त्यांनी स्वतःच माझ्या हातात दिली. "लपवून ठेव." भांडं ओव्हनमध्ये गेल्यावर त्यांनी समोर स्टूल ओढलं, चष्मा पुसला आणि काचेला नाक लावून बसल्या. वीस मिनिटं काहीच होईना. फळं वर, पीठ खाली, जसंच्या तसं. बाईंचा चेहरा उतरू लागला. आणि मग कडेनं पीठ फुगलं, फोडींच्या मधून वर चढलं, एकेक फोड झाकू लागलं.

"आलं! स्मिता, आलं वर!" पंच्याहत्तरीच्या गद्रे बाई स्टुलावरून उठून टाळ्या पिटत होत्या. "पांघरूणच आहे गं! दुसरा शब्दच नाही! काय लिहिलं होतं पोरानं!"

दालचिनीचा वास जिन्यापर्यंत गेला होता. मुलं चमचे घेऊन उभी होती, पण बाईंनी कोणाला हात लावू दिला नाही. "पहिलं पान त्याचं."

बरोबर अकराला महेश आला. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, कपाळावर घाम. बसायला सांगितलं तरी तो बसेना. बाईंनी तोंड उघडायच्या आत तोच बोलू लागला.

"बाई, सॉरी. मला माहितीये कशासाठी बोलावलंत. फोन आल्यापासून टेन्शन आलेलं. बायको म्हणाली, जा, जे काय असेल ते सांगून टाक. मी तुमची फुली ब्लेडने खरवडलेली. आणि तिथे लाल पेनाने बरोबरची खूण केलेली."

"कुठली फुली?" बाई गोंधळल्या.

"पेपरवरची. पीच कॉब्लरची. पेपरवर बाबांची सही लागायची ना. ते तेव्हा सुट्टीवर आलेले. त्यांनीच मला शिकवलेलं ते, बोटीवरचे फोटो दाखवून. आता त्यांना कसं सांगणार, बाई म्हणाल्या चूक, आणि सगळे हसले म्हणून?" त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "खूण बघून एवढे खूश झाले ना ते! पुढच्या वेळी बोटीवर गेले तर सगळ्यांना सांगितलं, माझ्या पोराच्या बाईंना पण माहितीये कॉब्लर. वारेपर्यंत सांगायचे."

माझी मान वर होत नव्हती. बाई जाग्यावरून उठल्या, महेशसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. तो घाबरून मागे सरला.

"तुझं बरोबर होतं रे," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं होतं. तुझं उत्तरही बरोबर, आणि ती खूणही बरोबर." मग डोळे पुसता पुसता त्यांच्यातली बाई जागी झाली. "पण ब्लेडनं खरवडलंस? काय शिकवलं होतं मी?"

"एक रेघ मारा आणि शेजारी बरोबर लिहा," चाळिशीचा महेश तांडेल ताठ उभा राहून म्हणाला, आणि मग आम्ही तिघंही रडत रडत हसत सुटलो.

मी बशी पुढे केली. त्यानं चमचाभर खाल्लं, डोळे मिटले. बाई निकालाची वाट बघणाऱ्या मुलीसारख्या पदर पिळत होत्या.

"कसं झालंय? खरं सांग."

"बाई, खरं सांगू? बाबांनी दहापैकी सात दिले असते. साखर जरा जास्त झालीये."

"सात!" बाईंना केवढा आनंद झाला! "लिही गं स्मिता, साखर कमी. तांडेल, पुढच्या रविवारी पुन्हा ये." आणि तो खरंच आला, बायको-मुलीला घेऊन. त्या मोसमात बाईंनी पाच वेळा कॉब्लर केलं आणि नऊपर्यंत पोचल्या. दहा त्यानं दिलेच नाहीत. "दिले तर बाई बोलवायच्या बंद होतील," असं तो माझ्या कानात म्हणाला.

या फेब्रुवारीत बाई गेल्या, झोपेत, कोणाला काही त्रास न देता. त्यांच्या भाचीनं घर आवरताना शुद्धिपत्राची वही मला आणून दिली. त्यात ते पान आहे. 'पीच कॉब्लर : साखरांबा' यातल्या साखरांब्यावर एक सरळ लाल रेघ, आणि शेजारी, 'खाली शिजवलेली फळे आणि त्यावर भाजलेल्या पिठाचे पांघरूण. उत्तर : महेश तांडेल, सातवी ब. गुण १ पैकी १. पालकांची सही झालेली आहे.'

ते पान मी कितीदा वाचलं असेल. बाईंनी आपली चूक दुरुस्त केली, महेशनं आपली कबूल केली. त्या रविवारी आणि नंतरच्या चार रविवारी मी बशा भरत राहिले आणि गप्प राहिले. काल स्टेशनवर पीच दिसले, तेव्हा एक किलो घेऊन घरी आले आणि बाईंची वही उघडली. त्या ओळीखाली लिहिलं, 'पहिल्या बाकावरून सगळ्यात मोठ्यानं मी हसले होते.' त्यावर एक रेघ मारली. शेजारची जागा अजून मोकळी आहे. रविवारी अकराला महेश यायचाय.