नाडीची जागा

आईच्या कमरेवर, परकराची नाडी बसते तिथेच, एक जखम होती. कधीपासून होती, हे तिलाच सांगता येईना. हळद लावायची, वर नाडी आवळायची आणि कामाला लागायचं, हा तिचा उपचार. मला कळलं ते परकरावर डाग दिसला म्हणून. "काय न्हाय, चामडी सोललीय," ती म्हणाली. तुकडा काढून तपासला, तर त्वचेचा कॅन्सर निघाला.

सर्जननी नीट समजावलं. कमरेखालचा भाग बधिर करतील. जखमेसोबत आजूबाजूची थोडी चांगली कातडीही काढतील, कारण कडेला काही राहिलं तर पुन्हा उगवतं. खड्ड्यावर मांडीची पातळ कातडी लावतील. ती घासली, सरकली, की धरत नाही. कमरेपेक्षा मांडीच जास्त दुखेल. "आणि आजी, वर्षानुवर्षं नाडी घासूनच हे झालंय. नाडी आता कायमची बंद." आईने मान हलवली. आईची मान हलली म्हणजे काहीही ठरलेलं नसतं, हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार.

ऑपरेशन सुरळीत झालं. मांडी खरंच जास्त दुखली, आणि त्याबद्दल आईने सर्जनना सोडून मला धारेवर धरलं. घरी तिच्यासाठी सैल गाऊन आणून ठेवले होते. ते ती घालायची, पण बेल वाजली की आतल्या खोलीचं दार लागायचं. कात्रजहून भावकी भेटायला आलेली असायची. आई बाहेर यायची ती साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन.

"अगं, नाडी?"

"सैल हाय."

मी फोन करून लोकांना सांगितलं, सध्या येऊ नका. मग तर सगळेच आले. एवढं काय झालंय ते बघायला.

पुढच्या ड्रेसिंगला पट्टी सोडली, तर लावलेल्या कातडीची एक कड काळी पडली होती. सर्जन मलाच बोलले. ते सगळं मी रिक्षात आईवर काढलं. गाऊनमध्ये कुणी बघितलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?

आई रस्त्याकडे बघत म्हणाली, "नाडी आवळली की उभं ऱ्हाता येतं गं. तुझा बा गेला त्या दिवशीपन आवळूनच उभी ऱ्हायले."

मला तिचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. रिक्षावाल्याने आरसा दुसरीकडे वळवला.

त्यानंतर मात्र ती गाऊनवर टॉवेल पांघरून लोकांसमोर बसू लागली. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ असल्याचा रिपोर्ट आला. काळी पडलेली कडही हळूहळू भरली. मला वाटलं, सुटले. पण आता घरात येणाऱ्या प्रत्येक बाईला ती आत नेते आणि म्हणते, "नाडीची जागा दाव." चुलत्या, मावश्या, शेजारणी, कुणाची सुटका नाही. चहा नंतर, कंबर आधी. मला तोंड लपवायला जागा उरलेली नाही.

काल सकाळी मी खराडीला ऑफिसला निघाले होते. ती दारात आडवी आली.

"तुझी बघू."

"आई, कॅब खाली थांबलीय."

तिने कुडता वर केला, सलवारची नाडी सैल केली आणि चष्मा लावून वाकली. माझ्या कमरेभोवतीचा काळा वळ मी रोज बघते. एका ठिकाणी तो सोललेला आहे, तेही बघते.

"खाजतं?"

"थोडं."

"कधीपासून?"

मला सांगता येईना.