पुढच्या सीटवरची देवी

त्या गृहस्थांचं नाव मी विचारलं नाही. सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या मोटारीपाशी ते हिरव्या लुगड्यात गुंडाळलेलं, हळदकुंकू लावलेलं काहीतरी कवटाळून उभे होते.

"सामान टपावर टाका," ड्रायव्हर म्हणाला.

"देवी हाय. टपावर कशी टाकू?"

ड्रायव्हरनं हात जोडले, मला मागं बसवलं आणि देवीला पुढची सीट दिली. एका म्हातारीनं नारळ ठेवला. गृहस्थ शेजारी बसून देवीला उपरण्यानं वारा घालू लागले.

खड्ड्यात मोटार आदळली आणि लुगड्यातून खुंटी डोकावली.

"अहो, हा तंबोरा!" मी मागून कुजबुजले.

खुंटी झाकत ते म्हणाले, "हळू की, बाई! मागल्या खेपंला टपावर भोपळा फुटला. तंबोऱ्याला कोण जागा देतंय?"

अर्ध्या नारळाच्या बोलीवर मी गप्प बसले. उतरताना देवीला नमस्कारही केला.