आमच्या पडवीतली उपाशी वाम

गेल्या शनिवारी हायस्कुलात इन्स्पेक्टरसाहेब येऊन गेले. टाकीतली वाम पाहून फार खूश झाले म्हणून आळीभर कौतुक चाललंय... आणि मला मात्र कुणी त्या वामेचं नाव काढलं की उठून आत जावंसं वाटतं.

आमचे हे तिथे सायन्स शिकवतात. यांची नोकरी अजून कायम व्हायची आहे. इन्स्पेक्शनला काही नवं दाखवावं म्हणून यांनी काचेची टाकी करून घेतली आणि मांडवी बंदरावरच्या होडीतून सापासारखी दिसणारी, हातभर लांब जिवंत वाम आणली. शाळेला दिवाळीची सुटी, म्हणून टाकी आली आमच्या पडवीत.

गडी रोज समुद्राचं पाणी आणून बदलायचा. पण आठ दिवस झाले, वाम काही खाईना. कोपऱ्यात नाक खुपसून पडून राहायची... अंगावरची झळाळी गेली. यांचाही पानावर घास अडायला लागला.

आमच्या घरात मासळी कधी शिरलेली नाही. देवळाच्या तळीतल्या माशांना लाह्या आणि कणकेच्या गोळ्या घालतात, तेवढीच माझी अक्कल. तेच हिला घातलं, मग मऊ भाताचे गोळे घातले... पाणी तेवढं नासलं.

हे सगळं अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून पारू बघत होती. पारू खारवीण, माझ्याच वयाची. मासळीची पाटी घेऊन रोज आमच्या दारावरून पुढच्या वाडीत जायची.

"बाय, मेली नाय ती अजून," ती म्हणाली. "जित्तेपनीच पिंड कशाला घालताय तिला?"

मला हसूही आलं आणि रडूही. मग करू तरी काय, म्हटलं.

"बीळ द्या तिला. आठ मानसं तोंडाकडे बघत बसली तर तुमच्या तरी घशाखाली घास उतरंल काय?"

पारूला आत ये म्हणायची सोय नव्हती. ती गडग्याबाहेरून सांगत राहिली, मी करत राहिले. फुटकं मडकं टाकीत आडवं ठेवलं, काचेवर गोणपाट टाकलं. करवंटीत घालून तिने जिवंत कोळंबी दिली... मी जन्मात पहिल्यांदा हातात धरली. बांबूच्या चिमट्यात पकडून मडक्याच्या तोंडाशी हलवत बसायचं, एवढंच काम.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मडक्यातून तोंड बाहेर आलं आणि हाताला हिसका बसला. चिमटा रिकामा... मी तिथेच डोळे पुसत बसले. सासूबाईंनी विहिरीवर आंघोळ करायला लावली, तेव्हाच घरात घेतलं.

पारूला सांगितलं तर तिचा चेहरा फुलला. "एकदा बघू द्या हो बाय. जल्म मासळीत गेला, पन पान्यात फिरनारी वाम नाय बघितली कधी. आमच्याकडे येते ती तडफडतच येते."

सुटी संपली की टाकी शाळेत जाईल, शनिवारी तिथे ये, मी म्हटलं. सगळ्यांना मोकळं आहे... अगदी सहज म्हणून गेले.

शनिवारी हॉल भरला होता. हेडमास्तर म्हणाले, वहिनींच्या चिकाटीमुळे हा जीव वाचला. टाळ्या झाल्या. खरं काय ते सांगावं म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात दाराशी पारू दिसली. धुतलेलं लुगडं, केसांत अबोली, पाटी घरी ठेवून आलेली. शिपाई तिच्यापुढे आडवा उभा होता. "तू कुठे? साहेबांना वास येईल मासळीचा."

तिने मला शोधलं. नजरानजर झाली... हिला मी बोलावलंय, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. तेवढ्यात साहेबांनी मला काही विचारलं आणि मी तोंड त्यांच्याकडे फिरवलं. काय विचारलं ते आठवतही नाही. पुन्हा पाहिलं तेव्हा दाराशी कुणी नव्हतं.

वाम आता रोज खाते. यांचंही काम होईल असं सगळे म्हणतात. पारू मात्र आमच्या दारावरून जात नाही, खालच्या वाटेने जाते...

वाम जगली ती पारूमुळे. तिचे आभार मी आज इथे लिहून चार लोकांत मानते आहे... तिला वाचता येत नाही, म्हणून ते इतकं सोपं जातंय.