तांब्यावरचा गाविलगड

माझे मिस्टर अकोल्याला एका कारखान्यात टर्नर होते. डाळ मिलला लागणारे रोलर तिथे बनत. आमचं घर अमरावतीला, त्यामुळे ते शनिवारी येत आणि सोमवारी पहाटे परत जात. मग कारखाना बंद पडला आणि ते कायमचे घरी आले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कोण कामावर घेणार? दोनचार ठिकाणी जाऊन आले आणि मग जाणंच सोडलं.

त्याच सुमारास शेजारच्या बाईंचा जावई परदेशातून आला. त्याने एक लांबट, चपटं नाणं दाखवलं. तिकडे म्हणे फिरायच्या जागी एक यंत्र असतं. नाणं घालायचं, दांडा फिरवायचा, की नाणं चेपून बाहेर येतं आणि त्यावर त्या जागेचं चित्र असतं. मिस्टरांनी ते नाणं उजेडात धरून बराच वेळ पाहिलं.

घरी आल्यावर म्हणाले, "दोन रोलर हायेत, बाकी काही नाही. आपून बनवू. चिखलदऱ्याले ठेवू."

"सरकारी नाणं चेपलं तर गुन्हा होते म्हणतात," मी म्हटलं.

"नाणं कोन चेपून राह्यलं? तांब्याच्या चकत्या घेऊ."

कितीतरी दिवसांनी त्या रात्री ते पोटभर जेवले.

भंगारातून दोन पोलादी रोलर आले, दातेरी चाकं आली. अकोल्याच्या सराफ्यात त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे ठसे कोरणारे होते. त्यांनी एका रोलरवर चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्याचा दरवाजा खोदून दिला. चित्र खोल आणि उलटं कोरावं लागतं, तेव्हा तांब्यावर ते उठून आणि सुलटं येतं. पहिल्या वेळी म्हाताऱ्यांनी दरवाजा उलटा कोरला, पण खालचं नाव सुलटंच ठेवलं. तांब्यावर ते आरशातल्यासारखं उमटलं. दोघं खूप हसले आणि रोलर घासून पुन्हा कोरायला बसले.

तांब्याच्या पत्र्यातून गोल चकत्या कापायच्या, चुलीवर लाल करून पाण्यात सोडायच्या, म्हणजे तांबं मऊ पडतं. मग चिंचेच्या पाण्याने घासायच्या. हे माझं काम. मशीनचं काम त्यांचं. सगळी गोम दोन रोलरमधल्या फटीत होती. फट जास्त झाली की चित्र पुसट येई, कमी झाली की चकतीच्या कडा फाटत. वरचे दोन स्क्रू ते कानोसा घेत घेत आवळत. मी विचारलं, कळतं कसं, तर म्हणाले, "आवाजावरून. सांगीन तुले कधी."

पावसाळ्यात चिखलदऱ्याला ओळखीच्या एका हॉटेलवाल्याने अंगणात जागा दिली. धुक्यात लोक भुट्टे खात उभे राहत, मुलं दांडा फिरवायला भांडत. एक वृद्ध जोडपं आलं. दोघांनी मिळून दांडा फिरवला. बाईंनी ऊन ऊन चकती हातात घेतली आणि किती वेळ नुसती चोळत राहिल्या. त्या दिवशी मिस्टर परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून गुणगुणत होते.

दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्या तोंडून एकच आवाज येई, भूक लागली तरी तोच, दुखलं तरी तोच.

पुढच्या पावसाळ्यात मी मशीन आणि त्यांना घेऊन वर चिखलदऱ्याला गेले. वाटलं, तिथे जीव रमेल. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि दांडा मी धरला. मशीन हलवताना फट सरकली असावी, पहिली चकती निघाली ती जवळजवळ कोरी. दरवाजाची फक्त एक कड उमटलेली. मी स्क्रू आवळला, तर पुढची चकती फाटली. गिऱ्हाईक उभं होतं.

"किती फिरवू? इकडे का तिकडे?" मी विचारलं.

ते डाव्या हाताने काहीतरी दाखवत होते. मी उजवा स्क्रू फिरवला, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. डावा फिरवला, तरी मान हलवली. पुन्हा तोच आवाज, या वेळी मोठा. लोक आमच्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सावकाश सांगा, मले समजून नाही राह्यलं." त्यांनी हात मांडीवर टाकला आणि तोंड फिरवलं. गिऱ्हाईक म्हणालं, राहू द्या काकू, आणि निघून गेलं.

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या एका टर्नरकडून मी फट बसवून आणली. चार चकत्या बऱ्या निघाल्या, पाचवीपासून पुन्हा पुसट. तो म्हणाला, "ज्यानं बनवलं त्यालेच हे समजते." सराफ्यातले म्हातारेही तोवर गेले होते.

डॉक्टरांना मी विचारलं, बोलणं येईल का. इतके महिने झाल्यावर आशा धरू नका, म्हणाले. मी मिस्टरांना ते सांगितलं नाही, पण ते तिथेच चाकाच्या खुर्चीवर बसलेले होते.

यंदा आम्ही वर गेलो नाही. हॉटेलवाल्याने ती जागा दुसऱ्याला दिली. मशीन विकायला काढलं आहे, भंगारवाला सोडून कोणी विचारत नाही. दुपारी मी त्यांना खिचडी भरवते. कधीकधी ते मध्येच घास थांबवतात आणि माझ्याकडे बघून काहीतरी सांगायला लागतात. फार वेळ सांगतात. मी हो हो म्हणते. मग त्यांना कळतं की मला कळलेलं नाही, आणि ते तोंड उघडतात, पुढच्या घासासाठी.