करवंट्यांची रास

परवा आमच्या सोसायटीत कुणी किती पाणी वापरलं त्याचा तक्ता लिफ्टपाशी लागला... आणि मी थेट साठ वर्षं मागे, मालवणजवळच्या आमच्या वाडीत पोचले.

वाडीला मिळून एकच विहीर. समुद्र हाकेवर, त्यामुळे उन्हाळ्यात जास्त उपसा झाला की पाणी मचूळ व्हायचं. मग गोड्या पाण्यासाठी डोंगरापर्यंत तंगडतोड! त्या वर्षी चैत्रातच चहा खारट लागायला लागला.

प्रत्येक घर म्हणायचं, आम्ही कुठे जास्त ओढतो? शेवटी शेजारच्या शेवंताकाकीने एक गंमत केली. विहिरीच्या कट्ट्यावर घरागणिक एक जागा ठरवली. एक कळशी भरली की आपल्या जागेवर एक करवंटी ठेवायची, एकीवर एक. सकाळी रास मोडून पुन्हा सुरू.

"मी कोणाक कायएक सांगूचंय नाय," काकी म्हणाली. "तुमीच बघा."

अहो, काय जादू! चार दिवसांत धुणी तळ्यावर गेली, तांदूळ धुतलेलं पाणी अळवाला जायला लागलं. मला तर रोज संध्याकाळी कुणाची रास केवढी ते बघायचा नादच लागला.

सगळ्यांत उंच रास आमची... कारण ताई सावंतवाडीहून बाळंतपणाला आलेली. बाळंतिणीचं न्हाणं, बाळाचे लंगोट, पाणी लागणारच की! पण आई पडली मानी. कट्ट्यावर जायचं तिच्या जिवावर यायला लागलं.

आणि एके दिवशी आमची रास एकदम बुटकी! मी नाचतच घरी आले. आत ताई भिंतीकडे तोंड करून निजली होती. आईने तिचं न्हाणं दोन तांब्यांवर आणलं होतं. तिचं अंग ठणकत होतं.

दिवेलागणीला काकी तरातरा आमच्या अंगणातल्या खळ्यात. मला वाटलं, शाबासकी द्यायला आली!

"काय गो, बाळंतिणीच्या न्हाणात काटकसर करतंस? ती रास मी कोणाची लाज काढूक नाय मांडली!"

आई पदराने डोळे पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी ताईचं न्हाणं पूर्वीसारखं झालं, गरम गरम, भरपूर. संध्याकाळी मी कट्ट्यावर गेले तर भलतंच... आमची रास तशीच बुटकी, आणि एकट्या राहणाऱ्या काकीची सगळ्यांत उंच! हिला एवढं पाणी कशाला लागलं? घरी येऊन विचारलं तर आई म्हणाली, "आपल्या चुलीवरचा हंडा सकाळी कोणी भरला, ठाऊक आहे?"

मग काय, वाडीतल्या बायका पाळीपाळीने ताईसाठी एकेक कळशी आणायला लागल्या. करवंटी मात्र स्वतःच्या राशीवर. आणि तरी कुणाचीच रास फार चढली नाही, कारण जो तो आपल्या घरचं आवरून होता. बारशाला पाहुण्यांना आम्ही त्याच विहिरीचं पाणी दिलं... गोड.

आमच्या तक्त्यात सगळ्यांत वर तिसऱ्या मजल्यावरचं घर आहे. ग्रुपवर टोमणे सुरू झालेत. मी आज पेजेचा डबा घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे... आधी विचारते तरी, घरात कोण निजून आहे का गो?