शिक्केबाईची डुलकी

लाइफ जॅकेटं शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळ्या शिक्केबाई म्हणत. तीस वर्षांपूर्वी ती तिथे दोरे कापायला लागली, आणि आता अठरा शिलाई मशिनी तिच्या हाताखाली होत्या. पट्ट्याला तीन हिसके दिल्याशिवाय ती 'तपासले'चा शिक्का उठवत नसे. समुद्र मात्र तिने जन्मात पाहिला नव्हता.

तिच्या टेबलासमोर एक रिकामं स्टूल असे. त्यावर कोणी बसायचं नाही. "देवाची जागा आहे ती," ती म्हणायची. "मालक वर्षातून एकदा येतात, हा रोज येतो." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण जेवणाचा डबासुद्धा त्या स्टुलावर ठेवायच्या नाहीत.

त्या दुपारी ऊन नारिंगी कापडाच्या ढिगावर उतरलं आणि सगळी खोलीच नारिंगी झाली. मशिनींची घरघर लांब लांब जात पाण्यासारखी वाजू लागली. शिक्केबाईला अथांग पाणी दिसलं, आणि त्यावर संथ डुलणारी जॅकेटं. प्रत्येकात कोणीतरी होतं. चेहरे दिसत नव्हते, पण तिला फार बरं वाटत होतं, हलकं हलकं.

भानावर आली तेव्हा हात शिक्का मारतच होता. मेला सवयीचा गुलाम! चाळीस जॅकेटांचा गठ्ठा बांधून दाराशी गेलासुद्धा, आणि गाडी यायला अर्धा तास होता. कोणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. समोर फक्त स्टूल होतं.

मागच्याच महिन्यात न बघता बक्कल लावलं म्हणून तिने इथेच मशीनवर बसणाऱ्या धाकट्या नणंदेला सगळ्यांदेखत झापलं होतं. ती अजून घरात तुटक वागत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही शिक्केबाईच्या मनात आलं. पण मूठ झाकायची कोणापासून?

ती उठली. "मशिनी थांबवा. तो गठ्ठा सोडा. मी झोपेत शिक्के मारलेत."

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान..." नणंद मशीनवरून म्हणाली, आणि पुढचं तिने गिळलं.

"पुरं म्हण. खरंच आहे ते. आणि ये, तूच तपास. माझ्या डोळ्यांचा आज भरवसा नाही."

गाडी आली, भोंगा वाजवून कंटाळली. नणंदेने एकेक पट्टा ओढून पाहिला.

"वहिनी, चाळीसच्या चाळीस ठीक आहेत. उगाच जीव टांगणीला लावलात."

"ठीक निघाली ती तुमच्या हातांमुळे. शिक्का खोटा होता, तो माझा."

शिक्केबाईने स्पिरिटच्या बोळ्याने चाळीसही शिक्के पुसले. मग तिने आपला शिक्का नणंदेच्या हातात दिला आणि स्वतः तिच्या मशीनवर जाऊन बसली.

नणंदेने शिक्का उचलला, स्टुलाकडे पाहिलं, आणि पहिल्याच जॅकेटाच्या पट्ट्याला आणखी एक हिसका दिला.