पासपोर्ट कुणाच्या कपाटात?

कायद्याच्या पदवीनंतरचं ऑनर्सचं, म्हणजे संशोधनाचं, वर्ष संपलं की हातात एक प्रबंध उरतो आणि तो कुणी वाचत नाही. त्या वर्षाचे किस्से मात्र लोक पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. आता बहारीनला, अदलियातल्या एका छोट्या वकिली ऑफिसात बसते, पण दुपारच्या चहाला मन हटकून तिकडेच जातं. माझा विषय होता, बहारीनमध्ये मालक कामगारांचे पासपोर्ट स्वतःकडे का ठेवतात. कायद्याचं शिक्षण मेलबर्नला, जन्म मात्र इथला. त्या वर्षी परत आले ती जग बदलायलाच.

पहिले आडवे आले ते बाबा. पदवी हातात असताना आणखी एक वर्ष कशाला, हे त्यांना पटेना. मी संशोधनाचं महत्त्व जीव तोडून समजावलं. त्याच संध्याकाळी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी माझी चौकशी केली, तर बाबा म्हणाले, “तिचं एक वर्ष राहिलंय.” पुढे कित्येक महिने सगळ्या काकू मला धीर देत होत्या.

*

मुलाखती मिळाल्या नाहीत तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर ऑनर्स नाही, इतकं सरळ होतं. आमच्या घरचा एसी बघणारे रत्नागिरीचे नाझिमचाचा अराद भागात गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचे. मी तिथे गेले. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे आधी सगळ्यांना माहिती वाचून दाखवली: कधीही थांबू शकता, माघार घेऊ शकता, मनाला त्रास झाला तर समुपदेशन मिळेल. वाचून मान वर केली, तर खोलीत फक्त चाचा.

“पोरी,” ते म्हणाले, “ऑपरेशनच्या आधी डॉक्टरपण एवढं घाबरवत नाही.”

*

मग मुलाखतीला याल का विचारलं की सगळे ‘इंशाल्ला’ म्हणू लागले. मी मेलबर्नच्या गाईडला व्हिडिओ कॉलवर अभिमानाने सांगितलं, सगळे तयार आहेत. शुक्रवारी कॅफेत त्यांची वाट बघत एकटीच बसून राहिले. चाचांनी नंतर शिकवलं: “वेळ सांगून इंशाल्ला म्हटलं तर माणूस येणार. नुसतंच म्हटलं तर तू चहा पी आणि घरी जा.”

*

एका कंपनीच्या एचआर मॅनेजरने मात्र लगेच वेळ दिली. पासपोर्ट का ठेवता, असं विचारलं, तर म्हणाला, त्यांच्याकडे हरवतात, आमच्याकडे सेफ असतात. मी तावातावाने घरी आले. माणसाची ओळख त्याच्याच हातात हवी, असं आईला ऐकवता ऐकवता आठवलं, माझा पासपोर्ट तर आईच्या कपाटात. तत्त्व म्हणून तिथल्या तिथे मागितला.

आई पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “तू हरवशील.”

*

चाचा सगळ्यात शेवटी बोलले. तोवर गाईडने फॉर्मवर सही नको, तोंडी संमती चालेल असं कळवलं होतं. आधी त्यांनी मला मासे-भात जेवायला लावलं, मग सांगितलं. भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांचा पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत होता, आणि किल्ली खिशात घालून साहेब सुट्टीवर गेला होता. चाचा गावी पोचले तोवर दफन उरकलं होतं. त्यांचा आवाज हलला नाही.

रेकॉर्डर बंद केला. म्हटलं, तुमचं खरं नाव कुठेही येणार नाही. खोटं नाव तुम्हीच निवडा.

चाचांनी माझं रिकामं ताट उचललं.

“आमच्या साहेबाचं घाल,” ते म्हणाले. “एकदा हे सगळं त्याच्या तोंडून निघू दे.”